‘आशेवर पाणी सोडलं’ हे इंग्रजीत कसं सांगायचं? ‘डिस्पॉन्डंट’ शिकायची माझी पद्धत

मागच्या वर्षी अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मी एक घोळ घातला. ऑफिस ऐरोलीला, मॅनेजर बंगळुरूचा, त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत. सहा महिने जीव तोडून केलेलं प्रोजेक्ट क्लायंटने अर्ध्यात बंद केलं होतं आणि त्यानंतर मला नवीन काही हातात घ्यावंसंच वाटत नव्हतं, एवढंच सांगायचं होतं मला, आणि तोंडातून काय गेलं तर "आय ॲम डिप्रेस्ड". झालं. बिचाऱ्याचा चेहरा एकदम गंभीर, लॅपटॉप मिटला, पाणी हवंय का विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी एचआरमधून फोन की समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेऊन देऊ का. माणसं चांगली, काळजीने करत होती, चूक माझ्या शब्दाची होती. मी आजारी नव्हते हो, माझी उमेद संपली होती.

आम्ही ठाण्यात चरईत राहतो, खालच्या मजल्यावर एक काकू आहेत, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं त्यांनी. संध्याकाळी त्यांना हा किस्सा सांगितला तर पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, "इंग्रजी राहू दे गं, मराठीत काय झालं होतं ते सांग आधी." मी म्हटलं, काय होणार काकू, मनातून पाणीच सोडलं होतं मी त्या कामावर. "मग सरळ डिस्पॉन्डंट म्हणायचंस की!"

तर हा शब्द मी कसा शिकले ते लिहितेय. पद्धत कुठल्याही भावनेच्या शब्दाला चालेल, पण मी एकाच शब्दावर बोलणार आहे कारण माझा अनुभव असा की ‘सॅडसाठी पन्नास शब्द’ टाइप याद्या पाठ करून काहीही होत नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये पन्नासही डोक्यात असतात आणि बोलायच्या वेळी परत सॅडच बाहेर येतं.

पहिलं काम, इंग्रजी बंद ठेवा आणि मराठीत मोजमाप घ्या. आपल्याकडे या एका भावनेचे किती कप्पे आहेत बघा. पोराला सहलीला नेलं नाही तर ते हिरमुसतं. निकाल बघून तोंड पडतं. ऐनवेळी अवसान गळतं. एकामागून एक फटके बसले की माणूस खचतो. आणि माझं आवडतं, पाणी. इथे दोन वेगळे प्रकार आहेत हे मला काकूंनी दाखवेपर्यंत कधी लक्षातच आलं नव्हतं. आशेवर पाणी पडलं किंवा फिरलं, म्हणजे बाहेरून कोणीतरी ओतलं, माझी आशा अजून असेलही, नुसती भिजली. आणि आशेवर पाणी सोडलं, म्हणजे मी स्वतः सोडलं, आता ती माझी नाही. पहिल्याला इंग्रजीत डिसपॉइंटेड पुरतं. दुसऱ्यासाठी डिस्पॉन्डंट लागतो. हा फरक एकदा डोक्यात बसला ना की अर्धा शब्द आला समजा.

आता गंमत ऐका, कारण हे ऐकल्यावर मी हा शब्द विसरूच शकले नाही. डिस्पॉन्डंटच्या पोटात लॅटिनचा ‘स्पोन्डेरे’ आहे, म्हणजे विधिवत शब्द देणं, वचन देणं. रोमन लोकांच्यात करार तोंडी व्हायचा, एकाने विचारायचं "स्पोन्डेस्ने?", देतोस शब्द? आणि दुसऱ्याने म्हणायचं "स्पोन्डेओ", दिला. त्याला पुढे ‘डे’ लागला की ‘डेस्पोन्डेरे’, म्हणजे वचन देऊन टाकणं, देऊन मोकळं होणं, आणि हे क्रियापद मुलगी लग्नात देण्याचं ठरवण्यालाही वापरायचे, आपल्या वाग्दानासारखं. मग त्यातूनच मन देऊन टाकणं, हिंमत सोडून देणं असा अर्थ आला आणि सतराव्या शतकात तो इंग्रजीत पोचला.

आणि आपल्याकडे पाणी सोडणं कुठून आलं? दानातून. दान देताना हातावरून उदक सोडायचं, म्हणजे या वस्तूवरचा माझा हक्क संपला. कन्यादानातही हातावर पाण्याची धार असतेच. म्हणजे तिकडे आणि इकडे, दोन्हीकडे हक्क सोडायच्या विधीतूनच निराशेचा शब्द निघाला! एवढ्यावर थांबत नाही. ग्रीकमध्ये स्पोन्डेरेचा भाऊबंद आहे ‘स्पोन्डे’, त्याचा अर्थच मुळात देवासाठी वाइन वगैरे ओतून अर्पण करणं, आणि तह करताना असं ओतायचे म्हणून त्याच शब्दाचं अनेकवचन म्हणजे तह. काकूंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही तलावपाळीला बाकावर बसलो होतो, समोर मासुंदा तलावाचं पाणी, आणि मला खरंच अंगावर काटा आला. (काटा बहुतेक डासांमुळेही असेल, संध्याकाळी सात वाजता तिथे बसलं की कळतं.)

या कुळातले बाकीचे शब्द तुम्ही रोज वापरता. दहीहंडीच्या बॅनरवर खाली मोठ्या अक्षरात असतो तो स्पॉन्सर, म्हणजे मूळचा जामीन राहणारा, शब्द देणारा. स्पाउस, नवरा किंवा बायको, जिचं किंवा ज्याचं वचन दिलंय असं माणूस. रिस्पॉन्ड म्हणजे उलट शब्द देणं. त्यातून कोर्टाच्या नोटिशीतला रिस्पॉन्डंट आणि पेपरातला करस्पॉन्डंट. हे सगळे एका ओळीत मांडून ठेवा, कारण स्पेलिंगची अर्धी भानगड इथेच मिटते: शेवट रिस्पॉन्डंटसारखाच, ई-एन-टी, ए-एन-टी नाही. आणि सुरुवात डी-ई-एस, डी-आय-एस नाही. डिसपॉइंटेड, डिसकरेज्ड, डिसहार्टन्ड हे तिन्ही डी-आय-एसवाले असल्यामुळे हात आपोआप आय लिहितो, माझा तर महिनाभर लिहीत होता. तुटक बघा: डे वेगळा, स्पॉन्ड वेगळा. डिस वेगळा नाहीच आहे त्यात. आणि मोबाइलच्या ऑटोकरेक्टवर विश्वास ठेवू नका, मी एकदा मैत्रिणीला "आय ॲम सो डिस्पॉन्डंट" पाठवायला गेले आणि गेलं "आय ॲम सो रिस्पॉन्डंट", तिचा रिप्लाय, "कोणी केस टाकली गं तुझ्यावर?"

तोंडात बसवणं हा वेगळा विषय. लिहायला डे असला तरी म्हणायला डि, ऱ्हस्व आणि अगदी हलका. जोर मधल्या तुकड्यावर, डि-स्पॉन-डंट. आपली मराठी माणसं तिन्ही तुकड्यांना सारखा भाव देतात, डीस-पॉन-डन्ट, टाइपरायटरसारखं, कारण मराठीत एका अक्षरावर असा जोर द्यायची सवयच नाही. त्यासाठी माझा उपाय बालिश आहे पण चालतो: मधल्या तुकड्याला हाताने मांडीवर हलकी थाप मारायची. ट्रान्स-हार्बरची लोकल ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सुटली की दिघा गावची अनाउन्समेंट होईपर्यंत मनातल्या मनात म्हणायचं, मग दिघा गाव ते ऐरोली त्याचं नाम, डिस्पॉन्डन्सी. दहाएक मिनिटांचा प्रवास, दुसरं काय करणार, रील्सच बघणार ना. शेजारची बाई मांडीवरच्या थापा बघून भजन चालूय समजते, समजू दे. अमेरिकन ऐकलंत तर मधला तुकडा स्पान असा वाटेल, दोन्ही बरोबर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शेजारपाजार ओळखणं. इथे थोडं रेंगाळते कारण चुका इथेच होतात.

डिसकरेज्ड हा सगळ्यात कामाचा आणि सोपा, कोणीतरी किंवा कशानेतरी तुमची हिंमत काढून घेतली. त्यात करेज सरळ दिसतंय. पण डिसकरेज्ड माणूस उद्या परत उठू शकतो. डिसहार्टन्डमध्ये हार्ट, म्हणजे मन बसलं, हिरमोड झाला, थोडं कोमल आहे ते. डिजेक्टेडमध्ये लॅटिनमधलं फेकणं आहे, खाली फेकल्यासारखा, मॅच हरलेली टीम ड्रेसिंग रूमकडे जाताना दिसते ना ते. क्रेस्टफॉलन तर चित्रच आहे, क्रेस्ट म्हणजे कोंबड्याच्या डोक्यावरचा तुरा, तो पडला. हा चेहऱ्यावर दिसतो आणि बहुतेक आत्ताच काहीतरी घडून गेलेलं असतं, म्हणजे आपलं तोंड पडणंच. दिमाखात मिरवत गेला आणि तुरा खाली करून आला असा माणूस दिसला की क्रेस्टफॉलन वापरा, मजा येते.

डिस्पॉन्डंट यांच्यापेक्षा जड आणि मुरलेला. एका झटक्याने माणूस सहसा डिस्पॉन्डंट होत नाही, होत होत होतो. माझं माप असं आहे: सकाळची फास्ट लोकल डोळ्यांसमोरून गेली, वैताग, ॲनॉइड. त्या उशिरामुळे इंटरव्ह्यू हुकला, डिसपॉइंटेड. असे चार इंटरव्ह्यू झाले आणि कुठूनच फोन आला नाही, डिसहार्टन्ड. वर्षभर हेच चाललं आणि आता जाहिरात दिसली तरी अर्ज भरायला हात उचलत नाही, हा डिस्पॉन्डंट. हात उचलत नाही ही खूण लक्षात ठेवा.

कारण इथेच डेस्परेटशी गल्लत होते, आणि ती जबरदस्त गल्लत आहे. दोन्ही डे ने सुरू, दोन्हीत आशा संपलेली. पण डेस्परेट माणूस धडपडतो, काहीही करायला तयार होतो, बुडत्याला काडीचा आधार तो डेस्परेट. डिस्पॉन्डंट माणसाच्या समोरून काडी वाहत जाते आणि तो बघत बसतो. मॅनेजरला "आय ॲम डेस्परेट फॉर अ न्यू प्रोजेक्ट" म्हणालात तर तुम्ही हातघाईवर आलाय असं होईल, "आय फील डिस्पॉन्डंट अबाउट प्रोजेक्ट्स" म्हणालात तर बरोबर उलटं. डेस्परेटचं मूळ पण वेगळं आहे, त्यात लॅटिनमधली आशा आहे, स्पेरारे, वचन नाही.

आणि डिप्रेस्ड. ज्याच्यावरून हे सगळं झालं. बोलताना लोक सर्रास वापरतात, पण डिप्रेशन हा आजारही आहे त्यामुळे ऑफिसात, फॉर्मवर, डॉक्टरसमोर जपून. डिस्पॉन्डंट मनःस्थिती सांगतो, निदान करत नाही. पण तो हलकाही नाही बरं का, अमेरिकन बातम्यांत पोलिसांच्या तोंडी हा शब्द जिवाचं बरंवाईट करण्याच्या मनःस्थितीतल्या माणसाबद्दल येतो, तेव्हा वाचताना संदर्भ बघा. आणि शब्द शोधता शोधता कोणाच्या लक्षात आलं की आपलं हे आठवडेच्या आठवडे चाललंय, झोप नाही भूक नाही, तर शब्दकोश मिटा आणि १४४१६ ला फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

व्याकरण फार नाही. माणूस डिस्पॉन्डंट असतो, वाटतो, दिसतो, होत जातो: इज, फील्स, लुक्स, बिकम्स, ग्रोज. मागे अबाउट किंवा ओव्हर लावा, सेफ आहे. "शी ग्रू डिस्पॉन्डंट ओव्हर द हाउस लॉटरी." फ्रॉम आणि विथ लावायचा मोह होतो, नका लावू. पुढे लावायला इन्क्रीजिंगली छान बसतो, कारण सांगितलं ना, हा होत होत होतो. मूड, आवाज, नजर यांनाही लावता येतो. पण बातमीला नाही! बातमी डिस्पॉन्डंट नसते, बातमी डिसहार्टनिंग असते आणि ती वाचणारा डिस्पॉन्डंट. आणि शेवटी ईडी चिकटवू नका, बाकीचे बहुतेक डिसकरेज्ड-डिजेक्टेड ईडीवाले आहेत म्हणून मी सुरुवातीला बिनधास्त डिस्पॉन्डंटेड म्हणत होते आणि काकू दर वेळी चहाचा कप खाली ठेवायच्या. ईडी नको म्हटलं की नको, घरी पण आणि शब्दाला पण.

मग वाक्यं. इथे शॉर्टकट नाही, स्वतःची तीन वाक्यं लिहायची, पुस्तकातली नाही, आणि त्यात खरं कारण हवं. "ही इज डिस्पॉन्डंट" हे वाक्य कशालाच बांधलेलं नाही, उद्या उडून जाईल. माझी तीन सांगते. एक त्या प्रोजेक्टचं. दुसरं माझ्या भावाचं, घोडबंदर रोडला दोन वर्षं घर शोधतोय आणि दर वेळी भाव त्याच्या बजेटच्या पुढे चार पावलं, आता ब्रोकरचा फोनही उचलत नाही: "आफ्टर टू इयर्स ऑफ हाउस-हंटिंग, माय ब्रदर हॅज ग्रोन डिस्पॉन्डंट." तिसरं बाबांचं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उपवनला चालायला जायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं, तेव्हाचं. प्रत्येक वाक्यात बघा, कोणीतरी काहीतरी करायचं थांबवलंय. तुमच्या वाक्यात कोणी काही थांबवलेलं नसेल तर बहुधा तिथे हा शब्द नकोच आहे, डिसपॉइंटेडने भागेल. मिसळ संपली म्हणून कोणी डिस्पॉन्डंट होत नाही. म्हणजे मामलेदारची संपली तर विचार करता येईल, पण तो विनोद म्हणून, आणि विनोदात वापरता यायला लागला की समजा शब्द तुमचा झाला.

पाठांतराचं म्हणाल तर एकाच रात्री वीस वेळा लिहून काढू नका. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून आपण ती किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं, त्यात आठवणीचा मोठा भाग पहिल्या दिवसाच्या आतच गळतो असं दिसलं आणि पाठांतर दिवसांवर पसरलं तर जास्त टिकतं हेही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने अशी चारच वेळा परीक्षा घेते. परीक्षा म्हणजे वही उघडून वाचणं नाही हां, वही बंद ठेवून आठवणं. आधी मराठी आठवायचं, भावाचा तो ब्रोकरचा न उचललेला फोन डोळ्यासमोर आणायचा, आणि इंग्रजी शब्द वर येतो का बघायचं. नाही आला तर दोन मिनिटं तडफडायचं आणि मगच उघडायचं, ती तडफडच कामाला येते.

मराठीवरून इंग्रजीकडे जायची अजून एक जागा सांगते, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८३१चा आहे मूळचा, १८५७ची दुसरी आवृत्ती ऑनलाइन फुकट बघता येते. त्यात आपला शब्द टाकायचा आणि तो साहेब इंग्रजीत कसा समजावतो ते वाचायचं. इंग्रजी जुनं आहे, जसंच्या तसं ईमेलमध्ये टाकू नका लोक हसतील, पण हिरमुसणं आणि खचणं यांत फरक काय हे दुसऱ्या भाषेत मांडताना किती दमछाक होते ते दिसतं आणि आपल्याच भाषेबद्दल जरा आदर वाढतो.

कुठे वापरायचा नाही तेही. व्हॉट्सॲपवर मित्राला नको, तिथे लो आहे, डाउन आहे, ते ठीक. हा शब्द फॉर्मल आहे, लेखी जास्त शोभतो, निबंध, आयईएल्ट्सचा पेपर, लेख, जरा गंभीर बोलणं. एका पानात एकदाच. काकूंकडे दहावीची मुलं यायची त्यातला एक जण नवा शब्द शिकला की पूर्ण निबंध त्याच शब्दाने सारवायचा, शेतकरी डिस्पॉन्डंट, नदी डिस्पॉन्डंट, म्हातारा बैल पण डिस्पॉन्डंट. बैल चालेल म्हणायच्या काकू, नदी नाही.

यंदाच्या अप्रेझलला तोच मॅनेजर होता. मागच्या वर्षीचं त्यानेच काढलं, आता कशी आहेस, बरी आहेस ना. मी मांडीवर टेबलाखाली थाप मारून घेतली आणि म्हटलं, "आय वॉज डिस्पॉन्डंट अबाउट दॅट प्रोजेक्ट फॉर अ व्हाइल. आय वॉजन्ट डिप्रेस्ड." तो दोन सेकंद थांबला, म्हणाला "नाइस वर्ड", आणि मग रेटिंगचा आकडा सांगितला. तो ऐकून मी कुठल्या कप्प्यात गेले ते काकूंना घरी येऊन सांगितलं. क्रेस्टफॉलन.